कळव्याच्या सुतारकाकांना

काका, नमस्कार.

तुमच्याकडे बटणांचा फोन आहे त्यामुळे हे तुमच्यापर्यंत आपोआप पोचणार नाही, पण तुमच्या पुतण्याला मी सांगून ठेवलंय की रात्री जेवणं झाली की काकांना वाचून दाखव, सगळं वाच, मधलं काही गाळू नकोस. काम संपलं त्या दिवशी तुम्ही हत्यारं गोणपाटात गुंडाळून निघालात आणि मी दारात उभी राहून नुसतं "बरं काका, थँक्यू" म्हणाले. मग दार लावलं, किचनमध्ये आले आणि रडायलाच लागले. हे धावत आले, काय झालं म्हणून विचारत राहिले, मला सांगता येईना. आता तीन आठवडे होऊन गेलेत, अजूनही बोलायला गेलं की गळा भरून येतो, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण ज्यांनी आमचं किचन बिघडवलं त्यांच्याबद्दल मी दिसेल त्याला सांगत होते, मग ज्यांनी ते सावरलं त्यांच्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही.

आधी त्या लोकांबद्दल. आमचं घर ठाण्यात नौपाड्याला, जुनी बिल्डिंग, वन बीएचके, किचन आठ बाय सात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं मी त्याच कडप्प्याच्या फळ्यांवर संसार केला. मुलगी पुण्याला नोकरीला लागली, थोडे पैसे हातात आले, हे म्हणाले आता तुझं किचन करून टाकू. मॉड्युलरवाल्यांचा माणूस आला, हातात टॅब, त्यात आमच्याच किचनचं चित्र, इतकं सुंदर की मला खरंच भरून आलं होतं. दीड तास तो ह्यांच्याशी बोलला. सर हे बघा, सर ते बघा. माझ्याशी एकच वाक्य बोलला, "मॅडम, कलर कुठला?" मी माझी उंची सांगितली, चार फूट दहा इंच, म्हणलं वरची कपाटं फार उंच होतायत. तर म्हणाला मॅडम ही स्टँडर्ड साइज आहे, सगळीकडे हेच असतं. मी गप्प बसले. सगळीकडे हेच असतं म्हणल्यावर वाटलं मीच कुठेतरी कमी पडतेय.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. पहिल्या जुलैतच सिंकखालचा बोर्ड फुगला, दाबला की भुसा हातात यायचा, बिजागऱ्या सुटून दारं लोंबायला लागली. फोन केला की "साइटवर आहे मॅडम, दहा मिनिटांत कॉल करतो". ती दहा मिनिटं अजून व्हायचीयेत. मग दुसरा एकजण कुणाच्या तरी ओळखीने आला, मापं घेतली, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि गेला तो गेलाच. पैसे गेले ते गेले, पण घरात काय झालं ते मला जास्त लागलं. गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी मी सगळ्यात वरच्या कपाटातून मोदकपात्र काढायला स्टुलावर चढले आणि पात्रासकट खाली आले. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हे म्हणाले अगं हाक मारायचीस ना, मी म्हणाले तुम्हीच आणलेत ते लोक. एवढंच. पण ते वाक्य घरात राहिलं, काका. आम्ही भांडणारी माणसं नाही, नंतर भांडलोही नाही, नुसतं बोलणं कमी झालं. दोन वर्षं कुणाला जेवायला बोलवलं नाही. किचनचं दार लोटून घ्यायची सवय लागली, कुणी आलं तर दिसायला नको म्हणून.

त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र चांगली झाली. सकाळचा चहा हे करायला लागले आणि प्लास्टर निघालं तरी तो ह्यांच्याकडेच राहिला. आलं किसून, गवती चहाची पात घालून, माझ्यापेक्षा चांगला करतात. बोलणं कमी झालं होतं तेव्हासुद्धा पावणेसहाला माझा कप कट्ट्यावर झाकून ठेवलेला असायचा.

तर असं सगळं असताना आमच्या इस्त्रीवाल्याने तुमचं नाव सुचवलं आणि खरं सांगते, तुम्ही आलात तेव्हा मी मनात म्हणलं, हा तिसरा. हेही तसेच बसले होते, हाताची घडी घालून.

तुम्ही टेपला हात लावला नाहीत. किचनच्या दारात उभे राहिलात, सगळीकडे नजर फिरवलीत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "ताई, ह्या घरात स्वयंपाक कोण करतं?" मी म्हणलं मी. "आणि सकाळचा चहा?" ह्यांनी हात थोडा वर केला, वर्गात करतात तसा. तुम्ही हसलात नाही, मान हलवलीत. मग मला म्हणालात इथे ओट्यापाशी उभ्या राहा. मी उभी राहिले. तुम्ही पायांकडे बघितलंत आणि विचारलंत, "किचनमध्ये स्लीपर घालता का? मग ती घालून या. रोज जशा उभ्या राहता तशाच राहा." मी आतून स्लीपर घालून आले. "आता उजवा हात वर करा. ताणायचं नाही, टाचा उचलायच्या नाहीत, सहज जाईल तिथपर्यंतच." कानामागची पेन्सिल काढून माझ्या बोटांच्या टोकाशी टाइलवर रेघ मारलीत. मग म्हणालात, "आता डावा."

डावा हात प्लास्टरनंतर खांद्यापासून आखडलाय, पूर्ण वर जात नाही. मी घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही, आधीच त्या विषयावर कमी बोलणं चाललं होतं म्हणून. मी उगाच जोर लावून वर करायला गेले आणि तुम्ही लगेच म्हणालात, "नको ताई, ताणायचं नाही म्हणलं ना." त्या हाताशी दुसरी रेघ मारलीत, पहिल्या रेघेच्या खाली. का, कसं, काय झालं, एक अक्षर विचारलं नाहीत. पुतण्याला एवढंच सांगितलंत, "ही खालची धर. दोन इंच चार सूत खाली." म्हणजे अडीच इंच.

लोकांना वाटेल मी फर्निचरबद्दल आभार मानतेय. नाही. फर्निचर सुंदरच झालंय, पण हे त्या खालच्या रेघेबद्दल आहे. मी सव्वीस वर्षं ह्या ओट्यापाशी उभी आहे आणि माझा हात कुठपर्यंत पोचतो हे कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. आणि ती दुसरी रेघ हे बघत होते. त्या रात्री जेवताना ह्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि नुसतं म्हणाले, "सांगितलं का नाहीस?" त्या एका प्रश्नानंतर आम्ही बारापर्यंत बोलत बसलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण वर्षभर घरात जे साचलं होतं ते गेलं. तुम्हाला ह्यातलं काही माहीत नाही. तुम्ही फक्त माप घेत होतात.

बाकी तुम्ही काय केलंत ते इथे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सगळं तोडून नवीन करू म्हणला नाहीत, जे लाकूड चांगलं होतं ते वापरलंत. ह्यांना बरोबर घेऊन दुकानात गेलात आणि प्लायवूडवरचा दर्जाचा शिक्का बघायला शिकवलंत, सिंकखाली आयएस 710 चा मरीन प्लायच पाहिजे, म्हणजे पाण्यात टिकणारा, बाकीकडे आयएस 303 चा बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणारा, चालेल, उगाच सगळीकडे महागातला नको. हे आता येणाऱ्याजाणाऱ्याला शिक्क्याबद्दल सांगत असतात. रोजचं सगळं कंबर आणि डोळे ह्यांच्या मधे, जड ते खाली, वर्षातून एकदा लागणारं वर. मोदकपात्र मात्र वर्षातून एकदा लागत असूनही तुम्ही सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये जागा केलीत, मी पडले कशी ते ह्यांनी तुम्हाला कधीतरी सांगितलं असणार. आणि चहा-साखरेची फळी, तिच्यासाठी तुम्ही ह्यांनाही उभं केलंत, हे पाच फूट नऊ आणि मी चार फूट दहा, आणि म्हणालात, "साहेबांनी वाकायला नको, ताईंनी ताणायला नको." आमच्या दोघांच्या मापाची ह्या घरातली ती एकच वस्तू आहे बहुतेक.

मला असं वाटतं काका की आपल्या आजूबाजूला अशी माणसं आहेत, आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही इतकंच. गावदेवी मार्केटमधली भाजीवाली माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मेथी निवडून पिशवीत घालून द्यायची, जास्त पैसे घेतले नाहीत कधी. स्टेशनला भर पावसात एक रिक्षावाला जवळचं भाडं असूनही नाही म्हणाला नाही, आणि माझा हात बघून उतरताना स्वतः उतरून पिशवी धरली. ही माणसं कुठल्या कोर्सला जाऊन हे शिकलेली नाहीत. समोरच्याला काय जड जातंय ते त्यांना दिसतं. त्या टॅबवाल्या मुलाला कुणी हे शिकवलं नसेल, त्याला फक्त विकायला शिकवलं असेल, पण तरी माझी उंची मी स्वतः त्याला सांगितली होती आणि त्याने ऐकली नाही, हे मी माफ करू शकत नाही.

आता घरचं सांगते, तुम्हाला आवडेल. सकाळी पावणेसहाला मी ओट्याच्या कोपऱ्यात, तुम्ही उरलेल्या तुकड्याचं जे बसकं स्टूल करून दिलंत ना, त्याच्यावर बसते. हे फळीवरून डबा काढतात, दिवा नीट लावायच्या आधीच, हात बरोबर डब्यावर जातो. ड्रॉवर ओढला की नुसता सर्र आवाज. आलं किसल्याचा वास, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं, आणि आम्ही दोघं काही विशेष न बोलता बसलेलो असतो, पण हे न बोलणं वेगळं आहे. सासूबाईंचे पितळी डबे मी चिंच लावून घासले, इतकी वर्षं वरती काळे पडत होते, आता डोळ्यांसमोर आहेत, रोज वापरते, पोह्यांचा एक आणि गुळाचा एक. जांभळी नाक्यावर जाऊन एकाच मापाचे सहा डबे आणले. संध्याकाळी मी कधीकधी काही काम नसताना किचनमध्ये जाऊन उभी राहते, एखादं दार उघडते, बंद करते. मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली आई तू किती दिवसांनी अशी हसतेयस.

पाडव्याला सकाळी कौपीनेश्वरची शोभायात्रा बघून आलो आणि दीर-जाऊ मुलांसकट घरी जेवायला. दोन वर्षांनी. नऊ माणसं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, आणि किचनचं दार सताड उघडं. जाऊबाईंनी टाइलवर दोन रेघा बघितल्या, फडकं घेऊन पुसायलाच निघाल्या होत्या, हे दुसऱ्या खोलीतून ओरडले, "वहिनी, ते राहू दे!" त्यांना काही कळलं नाही. रेघा अजून आहेत. मी ती टाइल सोडून बाकीच्या पुसते.

बिलाचे सगळे पैसे तुम्ही घेतलेत, वर एक रुपया जास्त दिला तर परत केलात, त्यामुळे त्याचं काही बोलत नाही. पण जाताना तुम्ही म्हणालात की पहिला मोठा पाऊस झाला की मी येऊन सिंकखाली एकदा हात लावून बघून जाईन. ते मी धरून बसलेय. तेव्हा एकटे येऊ नका, काकूंना घेऊन या, रविवार बघून या, घाईत येऊ नका. थालीपीठ मी लावेन. चहा हे करतील.

तुमच्या,
नौपाड्याच्या ताई