डोस मोजणारा कोड

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

चवथीची माटोळी उतरायच्या आधीच तू निघालीस, आणि जाताना म्हणालीस, "बाबा, फॅगनची तपासणी आता कोण करतं?" कोड अनेकांनी आधी वाचून, बैठकीत मिळून तपासायची ती पद्धत तुला जुनी वाटते, म्हणून मला राग आला नाही. पण त्या इन्फ्यूजन पंपाच्या, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राच्या, डोस मोजणाऱ्या कोडला रात्री ११ वाजता तू एकटीच मंजुरी देतेस का?

हलकी तपासणी मला मान्य आहे. स्क्रीन, अहवालाचे रकाने यांना दुसऱ्या एकाने पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल, वाचली की पुरे. बदल मात्र २०० ते ४०० ओळींत ठेवा, त्यापुढे वाचणारा नुसता खाली सरकत जातो. स्क्रीन वापरायला सोपी आहे का, हे तीन ते पाच जणांनी आधी वेगवेगळं बघावं आणि मग याद्या जुळवाव्यात. एकत्र बसलं की पहिल्याने बोट ठेवलं तिथेच सगळे बघतात.

डोसचं तसं नाही. मायकेल फॅगनने १९७६ साली मांडलेल्या पद्धतीत बैठक चालवणारा, लेखक, वाचणारा आणि टेस्टर अशी माणसं असतात. सगळे आधी स्वतंत्रपणे वाचून येतात. कोड लेखक नाही, दुसराच आपल्या शब्दांत समजावतो, म्हणून गैरसमज उघडा पडतो. चुका फक्त नोंदवायच्या, तिथे सोडवत बसायचं नाही. बैठक २ तासांच्या वर नाही. दुरुस्ती झाली का ते बैठक चालवणाराच शेवटी तपासतो. बिघडतं ते तयारीत: लोक न वाचता येतात, वेळ जातो, आणि मग पद्धतच जड म्हणून टाकून देतात.

थेराक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र आठव. १९८५ ते १९८७ मध्ये रेडिएशनचे सहा अपघात. त्यातल्या एकामागे एका बाइटचा आकडा होता: दर वेळी एकाने वाढायचा, २५६व्या वेळी शून्य व्हायचा, आणि शून्य म्हणजे यंत्राने सुरक्षेची तपासणी करायची नाही. ओळ वाचायला अगदी साधी. रात्री एकटीने वाचलीस तर तीही पास होईल. जेवून बसतेस ना?

भाषण झालं, माफ कर. आजीच्या इन्सुलिनची सुई भरायला तू आठवीत शिकलीस. आकडा मोठ्याने बोलायचीस, आणि वसुआत्याने बघितल्याशिवाय टोचायची नाहीस. कोणी सांगितलं नव्हतं तुला. वसु अजून सगळ्यांना सांगते.

सगळ्या कोडला जड तपासणी लावू नको, टीम वैतागेल. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकाप्रमाणे वर्ग सी, म्हणजे जिथे चुकीने जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते, तेवढा भाग वेगळा काढ. एकक बदलणं, पूर्णांकांची मर्यादा, शून्याने भागाकार, पंप मध्येच थांबून पुन्हा सुरू होणं, एवढे मुद्दे यादीत आधी लिही. वाचणारा म्हणून तो कोड न लिहिलेला माणूस घे. तो कोण ठरला ते मला कळव, आणि तोवर रात्रीची मंजुरी सकाळवर ढकल.

तुझा,
बाबा