या, बसा

सांगली,
संस्थानच्या गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला, आईचा जीव भांड्यात पडला. फोनवर मी दोनच वाक्यं बोललो, कारण जे बोलायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून लिहितोय.

परवा आरती झाल्यावर मी तुला सहज विचारलं, शाळेतल्या कुणाला भेटलास का? तू म्हणालास, "बाबा, आता वेळ कुठं आहे? पोरं मोठी होऊ देत, घराचे हप्ते फिटू देत, मग निवांत भेटू की सगळे. मित्र कुठं पळून चाललेत?" यात वावगं काही नव्हतं. पण मला रात्री झोप आली नाही. तुझ्याच वयाचा असताना, चंद्रपूरच्या शाखेत होतो तेव्हा, मी तुझ्या आईला हेच म्हणालो होतो. अगदी हेच शब्द. तू तेव्हा पाचवीत होतास.

हरिपूरच्या काकांना तू ओळखतोस ते माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणारे, उजव्या कानानं ऐकू न येणारे काका म्हणून. तुला वाटत असेल, आम्ही जन्मभर असेच हरिपूरच्या रस्त्यानं सोबत चालत आलो. तसं नाही. मधली बरीच वर्षं गळालेली आहेत आणि ती माझ्यामुळं गळाली. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आम्ही दोघं पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो. पुढं भोपळा सुटला आणि माईघाटावरून सूर मारून पलीकडं सांगलवाडीच्या काठाला लागायची चढाओढ सुरू झाली. तो नेहमी माझ्या आधी पोचायचा आणि काठावर बसून माझी वाट बघायचा. आता नदीत मगरी आहेत, कुणी पोराला पाण्यात सोडत नाही, तुलाही मी सोडलं नाही.

त्याच्या वडिलांची हरिपुरात हळदीची पेवं होती. तू पेव बघितलेलं नाहीस. तोंड एवढंसं, की माणूस कसाबसा आत उतरेल, आणि खाली जमिनीच्या पोटात खोली असावी एवढी पोकळी. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं माल राहायचा, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी ते तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत हवा नाही. आम्ही दोघं पोटावर पडून, डोकं आत घालून तो कंदील खाली खाली जाताना बघायचो. तो उग्र, गोडसर, उबदार वास अजून माझ्या नाकात आहे.

१९७४ साली, विलिंग्डन कॉलेजला असताना, आम्ही एका चाळीस पानी वहीत बेत लिहिला. क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठानं चालत जायचं. महाबळेश्वर, धोम, वाई, माहुली, कराड, औदुंबर, ब्रह्मनाळ, हरिपूर, वाडी. कुठं कोणती नदी येऊन मिळते ते त्यानं लिहिलं : माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, वाडीला पंचगंगा. मी खर्चाचा अंदाज काढला. शिदोरीला भडंग आणि गूळ. परीक्षा झाली की निघायचं ठरलं.

परीक्षा झाली, मला बँकेत नोकरी लागली. तो पेठेत हळदीच्या सौद्यांना जाऊ लागला. वही त्याच्याकडं राहिली.

पुढचं तुला माहीत आहे, कारण सांगलीची शाळा सुटल्यावर तू माझ्या बदल्यांबरोबर शाळा बदलल्यास. नांदेड, चंद्रपूर, कल्याण. सुरुवातीला दर महिन्याला आमची पत्रं जायची. मग दिवाळीला. मग दिवाळीला फक्त कार्ड. सांगलीला यायचो तेव्हा दोन दिवस आजीजवळ, एक दिवस तुझ्या मामाकडं, की परतीची गाडी. गावभागातून हरिपूर सायकलीवर पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मला सापडायची नाहीत. मनात एकच : तो काय, घरचाच आहे. त्याला कुठं औपचारिकता लागते? पुढच्या खेपेला जाऊ. मला खरंच वाटायचं, की मैत्री पेवातल्या हळदीसारखी असते. तोंड लिंपून ठेवलं, की पाहिजे तेव्हा उघडून काढता येते, जशीच्या तशी.

२००५ आठवतं तुला? २६ जुलैला कल्याणला आपल्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं, तुझं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. त्याच पावसात पुढं थोड्याच दिवसांत सांगलीत पूर आला आणि हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर त्याचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो एवढंच म्हणाला, "पेवं गेली. सगळा माल सडला." आणि गप्प राहिला. मी म्हणालो, "रविवारी येतो."

गेलो नाही. शाखेतली भिजलेली कागदपत्रं, तपासणी, तुझी परीक्षा. कारणं खरी होती, एकही खोटं नव्हतं. तो रविवार गेला, पुढचाही गेला, आणि मग जायची लाज वाटायला लागली. लाज वाटायला लागली की माणूस आणखी लांब जातो. त्यानं परत फोन केला नाही.

२०१५ साली निवृत्त होऊन आम्ही गावभागातल्या घरात परतलो. चौथ्या दिवशी मी हरिपूरला गेलो. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, खरं सांगायचं तर धीर गोळा करायला थांबलो, आणि त्याच्या दारात उभा राहिलो. तो पडवीत पेपर वाचत होता. मला बघून उठला, चष्मा काढला आणि म्हणाला,

"या, बसा."

बाळा, त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच त्याच्या गळ्यात पडलो असतो. पण "या, बसा." वहिनींना आत हाक मारून म्हणाला, "साहेब आलेत, चहा टाका." पाणी दिलं, चहा दिला, तुझी चौकशी केली. "चिरंजीव काय करतात?" निघताना फाटकापर्यंत सोडायला आला. "येत जा अधूनमधून." बोलण्यात कुठं टोचणी नव्हती, राग नव्हता. पाहुण्याला जे द्यायचं ते सगळं त्यानं मला दिलं. मी सायकल हातात धरून संगमापर्यंत चालत आलो, कारण बसून चालवण्याचं त्राण नव्हतं.

मग मी जातच राहिलो. सकाळी सहाला हरिपूर, त्याच्याबरोबर बागेतल्या गणपतीपर्यंत, आणि परत. पहिल्या वर्षी आम्ही हवापाणी, भाव, रक्तदाब यांवरच बोललो. तो "तुम्ही" म्हणायचा, म्हणून मीही "तुम्ही" म्हणू लागलो. साठीतले दोन म्हातारे, ज्यांनी एकमेकांना उघडंनागडं पाण्यात ढकललं होतं, ते "तुमचं काय मत?" असं बोलत चालायचे. मधल्या वर्षांत त्याला दुसरे सोबती झाले होते. त्याच्या पडवीत त्यांचे हशे चालायचे, मी आलो की आवाज खाली यायचा. त्यांच्यात त्याला मी नवा होतो. तो माझ्या वाट्याला आलेला मान होता आणि तो मला रोज सोसावा लागला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आपल्या घरात माळ्यापर्यंत चढलं, ते तू टीव्हीवर बघत होतास आणि तुला येता येत नव्हतं. पाणी उतरल्यावर आम्ही विश्रामबागेतून परत आलो, तर दार उघडेना, आत गुडघाभर गाळ. मी ओट्यावर बसून राहिलो होतो. तेवढ्यात तो आला, हातात खराटा आणि घमेलं, पँट गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. त्याच्या स्वतःच्या घरात पाणी येऊन गेलं होतं. म्हणाला, "तुम्ही तिकडं व्हा, तुम्हाला जमायचं नाही." दोन दिवस त्यानं आपलं, गावभागातलं घर धुतलं. तुझ्या आजीचा देव्हारा त्यानं अंगावरच्या बनियननं पुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "२००५ ला मी आलो नव्हतो." चौदा वर्षं घशात अडकलेलं वाक्य. तो भिंतीवरची पुराची रेष खरवडत होता. हात न थांबवता म्हणाला, "झालं ते. पाणी ओता."

त्यानंतर काही दिवसांनी त्यानं ती वही आणली. त्याच्या घरी ती वरच्या फळीवर होती म्हणून दोन्ही पुरांतून वाचली. आता सगळा काठ चालणं शक्य नव्हतं. धोमच्या वर धरणाचं पाणी आहे आणि त्याचे गुडघे बोलतात. म्हणून ठरवलं, की निदान सगळे संगम बघायचे. एसटीनं. माहुलीला पहिल्यांदा गेलो. रामशास्त्र्यांचं गाव, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. तिथं तो बराच वेळ हात जोडून उभा होता. त्याचाही कुत्रा त्या वर्षी गेला होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये कराड. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीचं दर्शन घेऊन आम्ही वाळवंटात उतरलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला एकाच ठिकाणी उगम पावतात. कृष्णा पूर्वेला उतरून वाईकडं येते. कोयना डोंगराच्या मागच्या अंगानं दक्षिणेला जाते, पार हेळवाकपर्यंत, तिथं वळते, आणि शंभरावर किलोमीटर वेगळी वाट चालून कराडला कृष्णेला भेटते. तीही कडेनं येऊन नाही, अगदी समोरासमोर, तोंडाला तोंड देऊन. मी ते बघत बघत पाण्याकडं चाललो होतो. शेवाळावरून पाय सटकला. त्यानं मागून दंड धरला आणि ओरडला,

"आरं लगा, बघून चाल की! म्हातारा झालास तरी अक्कल न्हाई तुला!"

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्याही लक्षात आलं. कुणीच काही बोललं नाही. तो पाण्यात पाय सोडून बसला, मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. भडंगाचा पुडा होता तो सोडला. पाच वर्षं लागली बघ, "तुम्ही"वरून "तू"वर यायला.

सत्तरी गाठल्यावर स्वप्नांचं काय होतं, ते तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. मला रात्री अजून बँक दिसते. रोकड जुळत नाही, शटर अर्धं खाली आहे, मी पुन्हा पुन्हा नोटा मोजतोय. ज्या कामासाठी मी हरिपूरची पंधरा मिनिटं वाचवली, ते झोपेतसुद्धा पुरं होत नाही. आणि जे बेत आम्ही वहीत लिहिले होते, ते मात्र दिवसाढवळ्या, एसटीच्या खिडकीतून एकेक करून दिसतात. लहान होऊन आलेत, पण आलेत. चाळीसाव्या वर्षी मला वाटायचं की हे सगळं पुढं ठेवलेलं आहे. आता सांगतो, पुढं काही ठेवलेलं नसतं. पुढच्या वर्षांत पुन्हा गुडघे असतात, डॉक्टर असतात, कुणाचं तरी दहावं असतं.

तुझ्या आईचं बघ. ती प्रत्येक बदलीच्या गावात महिन्याभरात भिशी लावायची. मी म्हणायचो, कशाला नसती गुंतवणूक, दोन वर्षांत जायचंच आहे. आज नांदेडची बाई तिला लोणच्याचं प्रमाण विचारते, चंद्रपूरची नातवाचे फोटो पाठवते. तिचं एकही नातं "तुम्ही"पर्यंत गेलं नाही. हे मी तिला अजून बोलून दाखवलेलं नाही, पण तुझ्याजवळ कबूल करतो.

ब्रह्मनाळ राहिलंय. तिथं जायला त्याचं मन धजत नव्हतं, २०१९ च्या पुरात लोकांना बाहेर काढणारी ती बोट तिथंच उलटली. पण आता म्हणतोय, कोजागरीनंतर पाणी उतरलं की जाऊ, औदुंबरला दर्शन करून पुढं. मग वाडी. वाडीहून तुझ्या पोरांसाठी कवठाची बर्फी आणीन.

आणखी एक. काल तुम्ही गेल्यावर हरभट रोडला गेलो होतो, तर तुझा तो शाळेतला जोडीदार भेटला, रोज खालून शिट्टी घालून तुला बोलवायचा तो. वडिलांचं दुकान तोच बघतो. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या महिन्यात. गणपतीला तू आला होतास ते त्याला कळलं होतं. मला म्हणाला, "काका, साहेब आले होते म्हणे. कसे आहेत ते?"

मी बरा आहे म्हणालो. नंबर त्याचा तोच आहे. रात्री आठनंतर दुकान बंद करतो.

तुझे
बाबा