अण्णांची पाठ आणि घास

प्रिय मंगल,

अण्णांना काल घरी आणल्याचं कळलं. गोळ्यांच्या वेळा तू चुकवणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. पण अर्धांगवायूचं माणूस घरी आलं की बहुतेकदा घोटाळा होतो तो पाठीत आणि घशात. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

आधी पाठ. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, अशा ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. एकाच अंगावर पडून राहिलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. म्हणून दर २ तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. भिंतीवर कागद लावून वेळ आणि कूस लिहीत जा, म्हणजे पहाटे कोणी वळवलं यावरून घोळ होणार नाही. मात्र पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशच कलतं ठेव. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली; टाचा गादीला टेकता कामा नयेत.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. कातडी चादरीला धरून राहते, आतलं मांस सरकतं आणि तिथेच जखम धरते. लुळा खांदाही निखळतो. घरातलं जुनं मऊ नऊवारी चौपदरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत त्यांच्याखाली आडवं घाल. दोघांनी दोन्हीकडून कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून उचलायचं आणि मग सरकवायचं.

एअर बेड घेतलाय ते बरं केलंस, पण त्यावर गोधडी घालू नकोस. एकच पातळ सुती चादर पुरे. पंप चालू असताना एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये हात घाल आणि माकडहाडाखाली चाचपून बघ. हाड हाताला टणक लागलं तर हवा कमी आहे. एअर बेड असला तरी कूस चुकवायची नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग कोणी आणून दिली तर ती वापरू नकोस. तिच्या कडेनेच रक्त अडतं.

दर वेळी वळवताना पाठ उजेडात नीट बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. दाबल्यावर फिकट झालं नाही, लालच राहिलं, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. त्या अंगावर झोपवणं लगेच बंद कर आणि डॉक्टरांना कळव. अण्णा सावळे आहेत, त्यामुळे लाली दिसणार नाही कदाचित. जांभळट, गरम किंवा टणक लागतंय का ते बघ. तिथे स्पिरिट लावून चोळणं आपल्याकडे अजून चालतं. ते मात्र कोणालाही करू देऊ नकोस, दुखावलेली कातडी चोळल्याने आणखी खराब होते.

आता घास. पलंगाचं डोकं वर करण्याआधी गुडघ्यांखालचा भाग थोडा उचल, नाहीतर अण्णा खाली घसरतात आणि माकडहाड पुन्हा घासतं. जेवताना जमेल तितकं ताठ बसव. पाणी सगळ्यात अवघड, कारण ते घशात झटकन उतरतं. म्हणून दवाखान्यात पाणी जितकं दाट करून द्यायला सांगितलंय तेवढंच दाट करून दे. पातळ आमटीतला भात नको, वरणभात घोटून एकजीव कर. अर्धा चहाचा चमचा, धडधाकट बाजूच्या गालात. कंठ वर जाऊन खाली आला की मगच पुढचा घास. मान मागे टाकून फुलपात्राने वरून पाणी कधीही ओतायचं नाही.

लुळ्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते कळत नाही, म्हणून शेवटी बोटाला ओला गॉज गुंडाळून गाल साफ कर. पुढे अर्धा तास बसतंच ठेव. खाल्ल्यावर आवाज घुरघुरला, किंवा ताप येऊन धाप लागली, तर अन्न फुप्फुसात गेलं असेल. तेव्हा थेट दवाखाना.

सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. बोलता येत नसलं तरी त्यांना बरंच कळतं, तेव्हा मान हलवून हो-नाही सांगता येईल असे प्रश्न विचार. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल कुजबुज नको.

रात्री २ ची पाळी रोज एकटीने घेऊ नकोस. भावाला एक दिवसाआड दे, त्याला जमेल. लाल डाग दिसला तर फोटो पाठव, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
सुमन