मंजे, घर बघायला सकाळी साडेआठला जा

पुनावळे, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजे,

मी येथे खुशाल आहे, तूही तिथे खुशाल असशील अशी आशा करते. आठवतंय ना, शाळेत मराठीच्या पेपरात 'मैत्रिणीस पत्र' आलं की आपण दोघी याच वाक्याने सुरुवात करायचो आणि पुढे काय लिहायचं म्हणून एकमेकींकडे बघायचो. आज उलटं आहे, लिहायला इतकं आहे की व्हॉट्सॅपवर मावणार नाही. तुझा तो सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी भांडी लावता लावता तीनदा ऐकला, त्यातली तीन मिनिटं तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची होती ती सोड, पण शेवटी तू दोन प्रश्न विचारलेस. कोल्हापूरहून इकडे पुण्यात खराडीला बदली झालीये तर वाघोलीतला तो फ्लॅट घेऊ का, आणि मला इकडे खरंच करमतं का. दुसऱ्याचं उत्तर मला नीट देता येईल, पहिल्याचं तुझं तुलाच द्यायचंय. पण माझं काय काय चुकलं ते सांगते, म्हणजे निदान तू नवीन चुका करशील.

आम्ही सगळ्यात पहिली चूक केली ती म्हणजे घर दिवाळीत बघितलं. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर हिरवेगार, सँपल फ्लॅटमध्ये एसी, हातात थंडगार कोकम, आणि तो सेल्सवाला मुलगा इतका गोड की त्यालाच दत्तक घ्यावंसं वाटावं. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कॉर्पोरेशनचं पाणी आहे ना!" आहेच की. पुनावळे १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. फक्त २०१९ च्या नोव्हेंबरपासून अख्ख्या शहराला एक दिवसाआड पाणी येतं हे तो बोलला नाही, आणि जे येतं ते तीनशे फ्लॅटना पुरत नाही हे तर नाहीच नाही. या एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपवर रोज सकाळी मेसेज, 'आज १४ टँकर'. पहाटे पाचला टँकर रिव्हर्स घेतो त्याचं ते टीं टीं टीं, आता मला गजर लावावा लागत नाही. गंमत काय माहितीये, ज्या रावेतच्या बंधाऱ्यातून पवनेचं पाणी उचलून जवळजवळ सगळ्या शहराला देतात ना, तो इथून अगदी जवळ आहे. शेजारी नदी आणि आम्ही बादली घेऊन. आपल्या वाड्यातला सामाईक नळ बरा होता म्हणायची वेळ आली, तिथे निदान भांडायला माणसं समोर असायची.

म्हणून वाघोलीला जाशील तेव्हा सेल्स ऑफिसात पाण्याचं विचारूच नकोस. शेजारच्या, लोक राहायला येऊन दोन-तीन वर्षं झालेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचार, उन्हाळ्यात टँकर किती येतात. त्याला काही विकायचं नसतं. आणि जमलं तर एप्रिलपर्यंत थांब, बदली जानेवारीत आहे, चार महिने भाड्याने राहिलीस तर काय बिघडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही रविवारी दुपारी आलो, हिंजवडी ते साइट बारा मिनिटं, नवरा खूश. आता त्याच रस्त्याला सकाळी पाऊण तास लागतो. हायवेच्या खालून जायला एक अंडरपास आहे, अरुंद, एकावेळी एका बाजूने नीट जाता येईल एवढाच, आणि सगळं पुनावळं त्यातून बाहेर पडतं. मागे एकदा आठ चाळीसला काँक्रीटचा मिक्सर आत अडकला, मागे स्कूल व्हॅन, त्यामागे मी, रिक्षावाला म्हणतो मी मागे घेणार नाही, बुलेटवाला म्हणतो मीपण नाही. शेवटी सोसायटीच्या डी विंगमधला एक आयटीवाला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, गाडी तिथेच सोडून उतरला आणि शिट्टी नाही म्हणून तोंडानेच शिट्ट्या मारत वीस मिनिटं ट्रॅफिक काढला. तो आता आमच्याकडे हिरो आहे, गणपतीत त्याचा सत्कार झाला, नारळ आणि खरीखुरी शिट्टी देऊन.

तेव्हा वाघोली ते खराडी हा प्रवास तू सोमवारी सकाळी साडेआठला करून बघ, नगर रोडवर, स्वतः. मेट्रो रामवाडीपर्यंत मार्च २०२४ लाच आलीये, पुढे वाघोलीपर्यंत न्यायला यंदा जूनमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ते तुला ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात दाखवतील. दाखवू देत. मंजुरी आणि गाडी यात किती वर्षं जातात ते आपण पुणेकरांनी बघितलंय, तू आज होणाऱ्या प्रवासाचा हिशोब कर. आणि हो, वाघोली पुणे मनपात आली २०२१ ला, त्या २३ गावांसोबत, म्हणजे टॅक्स शहराचा सुरू झाला, बाकीच्या सोयी मागून चालत येतायत.

आता पैशाचं. तू म्हणालीस ९०० स्क्वेअर फूट आहे. कसले ९००? आम्हाला तो गोड मुलगा '७२० कार्पेट' म्हणाला होता. सासऱ्यांनी मिस्त्रीचा स्टीलचा टेप आणलेला, सँपल फ्लॅटमध्ये गुडघ्यावर बसून मोजायला लागले, मला इतकी लाज वाटली की मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. मोजून झाल्यावर म्हणतात, "सूनबाई, तू उभी आहेस ना, तेवढे ८० फूट यांनी कार्पेटमध्ये धरलेत." रेरा म्हणजे घरखरेदीचा कायदा, त्याच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, बाल्कनी येत नाही, बाहेरच्या भिंतीही येत नाहीत. खरं कार्पेट ६४०. तेव्हापासून मी सासऱ्यांच्या टेपला नमस्कार करते. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाक, प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट, ताबा कधी देणार ती तारीख, कोर्टात काही केस आहे का, सगळं दिसतं.

याच्या आधी आम्ही रावेतला एक घर जवळजवळ फायनल केलं होतं. तिथला बिल्डर म्हणे वीस टक्के आधी भरा, ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी करू. आम्ही भरणारच होतो गं, नवऱ्याने चेकबुकही काढलं होतं. माझ्या मावसभावाने फोनवर शिव्या घातल्या, म्हणाला ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर त्याला मागताच येत नाही, कायदा आहे. बिल्डरला तसं सांगितलं तर त्याने चहाही पुढे केला नाही.

हे घर ६८ लाखांचं. २०२२ ला ॲग्रीमेंट झालं. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ४० हजार, नोंदणीचे ३० हजार, आणि स्टँप ड्युटी ७ टक्के, पण बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६. म्हणजे ६८ हजार वाचतात. म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर! सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दारावरची पाटी लावताना नवरा दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहिला. खरी गोम नंतर कळली. मालकीत नाव नाही म्हणून इन्कम टॅक्समध्ये होम लोनच्या व्याजाची सूट त्याला मिळेना, हप्त्यातला अर्धा तो भरतो तरी. नव्या टॅक्स पद्धतीत राहत्या घरावर ती सूट तशीही नाही, पण तुम्ही दोघं अजून जुन्या पद्धतीत असाल तर ६८ हजाराला भुलू नका, सीएकडे बसून दोन्ही बाजू मांडा. तयार, भोगवटा (म्हणजे राहायला येण्याची पालिकेची परवानगी) मिळालेलं घर घेतलंस तर जीएसटी लागतच नाही. आम्हाला हे माहीत होतं, पण तेवढे पैसेच नव्हते, बांधकाम चालू असलेलं थोडं स्वस्त पडतं म्हणून घेतलं आणि मग चौदा महिने ताब्याला उशीर, इकडे थेरगावचं भाडं आणि तिकडे बँकेचं व्याज, दोन्ही. मधल्या काळात व्याजदर चढले, बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, वीस वर्षांचं कर्ज बघता बघता पंचविसावर गेलं. त्या वर्षी मी एकही साडी घेतली नाही, तुझ्या भावाच्या लग्नात नेसलेली ती मोरपंखी आईचीच होती, आता सांगते.

शेवटी शेवटी बिल्डर म्हणाला भोगवटा यायला वेळ आहे, तुम्ही फर्निचरसाठी म्हणून किल्ली घ्या आणि हळूच राहायला या. सासूबाईंचा मुहूर्तही निघाला होता. आम्ही नाही घेतली. नवऱ्याचं आणि त्यांचं आठ दिवस बोलणं बंद होतं त्यावरून. फेब्रुवारीत रीतसर आलो.

आता तुझा दुसरा प्रश्न. पहिले दोन महिने मला अजिबात करमलं नाही. शुक्रवार पेठेत वाढलेली बाई मी, दारातून बाहेर पाऊल टाकलं की मंडई, इथे कोथिंबीर ॲपवरून मागवायची. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोर क्रेन आणि त्यावरचा लाल दिवा. आईकडे मात्र जाणं सोपं झालंय, गाडी पिंपरीला मेट्रो स्टेशनला लावते आणि थेट मंडईला उतरते, गेल्या वर्षी सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून. आई अजून शेजारणींना सांगते, "गावाहून आलीये."

पण मागच्या शनिवारचं सांगते. आमच्या विंगमध्ये सहा घरं खान्देशातली आहेत. नवव्या मजल्यावरच्या जळगावच्या काकूंनी गावाकडून भरताची वांगी मागवली, ती मोठी हिरवी पांढुरकी, एकेक तान्ह्या बाळाएवढं. गॅसवर भाजायची नाहीत म्हणे, तुराट्यांवरच, तुरीच्या वाळक्या काड्यांवर. आता तुराट्या कुठून आणायच्या? सोसायटीच्या भिंतीपलीकडे अजून एक गोठा आणि थोडं शेत शिल्लक आहे, तिथले आजोबा, ज्यांच्याकडून आम्ही दूध घेतो, त्यांनी भारा आणून टाकला. पार्किंगच्या मागे मोकळ्या जागेत जाळ केला, धूर वर गेला, वरच्या मजल्यावरून कोणीतरी आग आग म्हणून ग्रुपवर टाकलं, वॉचमन लाल सिलेंडर घेऊन पळत आला. काकू त्याला म्हणतात, "ते ठेव बाजूला आणि वांगं पलट." मग बडगीत, त्या लाकडी भांड्यात, ठेचलं, हिरवी मिरची, लसूण, वर तेल आणि कांद्याची पात. नागपूरचे, लातूरचे, सोलापूरचे, एक बंगाली जोडपं, तो गोठ्यातला म्हातारा, सगळे जमिनीवर बसून कागदाच्या प्लेटमध्ये भरीत आणि कळण्याच्या भाकरी. आजोबा म्हणाले, "ही इमारत आहे ना, इथं माझी ज्वारी होती." कोणाला काय बोलावं कळेना. काकूंनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

माझा लेक दहाच्या पुढेही घरात यायला तयार नव्हता. वाड्यात आपल्याला ओढत आत न्यावं लागायचं तसंच.

तेव्हा करमतं गं. टँकरसकट.

तू डिसेंबरात येतेयस तर दोन दिवस जास्तीचे काढ, शुक्रवारी ये, सोमवारी सकाळी आपण दोघी माझ्या स्कूटरवरून वाघोली-खराडी करू, इथून सातलाच निघून, आणि सासऱ्यांचा टेप मी घेऊन येते. येताना घरची कांदा-लसूण चटणी आण, किलोभर तरी. काकू म्हणतात कोल्हापूरला काळा मसाला कुठे जमतो. मी म्हटलं माझी मैत्रीण येऊ देत, मग बोलू.

तुझीच,
बी-७०३ ची मालकीण