तालमूदच्या वचनाला पान क्रमांक द्यावा

महोदय,

मराठी वृत्तपत्रांतील धर्मविषयक लेखांत ज्यू ग्रंथांमधली वचने बहुधा ‘तालमूदमध्ये (ज्यू धर्मशास्त्र आणि त्यावरील चर्चांच्या प्राचीन ग्रंथात) म्हटले आहे’ एवढ्याच आधारावर दिली जातात. यापुढे अशा वचनासोबत प्रकरणाचे नाव आणि पान क्रमांक छापावा, अशी माझी विनंती आहे. १५२० ते १५२३ या काळात मुद्रक डॅनियल बॉम्बर्ग यांनी व्हेनिसमध्ये संपूर्ण बॅबिलोनी तालमूद (तालमूदचा बॅबिलोनमध्ये तयार झालेला प्रमुख पाठ) छापले आणि त्याचेच पृष्ठांकन पुढे रूढ झाले. त्यामुळे ‘सॅनहेड्रिन ३७अ’ (सॅनहेड्रिन हे प्रकरण, ३७व्या पानाची पहिली बाजू) एवढ्या खुणेवरून वाचकाला इंग्रजी भाषांतरातही ती जागा सापडते.

‘जो एक जीव वाचवतो, त्याने जणू अवघे जग वाचवले’ हे वचन याच पानावरचे आहे. सुट्या सुविचारासारखे ते सर्वत्र छापले जाते. प्रत्यक्षात देहान्ताच्या शिक्षेच्या खटल्यात साक्षीदारांना द्यायच्या कडक ताकिदीचा तो एक भाग आहे. पैशाच्या दाव्यात चूक झाली तर भरपाई करता येते, इथे मात्र मरणाऱ्याचे आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशजांचे रक्त साक्षीदाराच्या माथी येते, असे त्यांना बजावले आहे. आदाम एकटाच का निर्माण केला गेला, याचे विवेचनही तिथेच येते. माणूस एका ठशाने अनेक नाणी पाडतो आणि ती सारी सारखी निघतात; देवाने सर्वांना आदामाच्याच ठशाने घडवले, तरी कोणी कोणासारखा नाही. एवढे सुंदर विवेचन वाचकापर्यंत पोहोचतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे वाचायला आता पदरमोड करावी लागत नाही. लंडनच्या सॉन्सिनो प्रेसचे १९३५ पासून निघालेले तालमूदच्या इंग्रजी भाषांतराचे खंड आणि हर्बर्ट डॅन्बी यांचे १९३३ चे मिश्नाचे (तालमूदचा गाभा असलेल्या जुन्या संहितेचे) भाषांतर जुन्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. सेफारिया या संकेतस्थळावर तर २०१७ पासून कोरेन-स्टाइनसाल्ट्झ आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर मुळाशेजारी विनामूल्य वाचता येते. त्यात मूळ शब्दांचे भाषांतर ठळक टायपात आणि रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांचे स्पष्टीकरण साध्या टायपात आहे. उतारा घेताना हा भेद पाळला नाही, तर विसाव्या शतकातील भाष्य प्राचीन वचन म्हणून खपते. ज्यूंच्या द्वेषापोटी रचलेली बनावट ‘तालमूद-वचने’ही समाजमाध्यमांवर फिरत असतात आणि संदर्भ मागितल्याखेरीज ती ओळखता येत नाहीत.

मुंबईत १८४६ मध्येच वल्हांडणाच्या हाग्गादाचे (त्या ज्यू सणाच्या रात्री वाचायच्या पोथीचे) मराठी भाषांतर छापले गेले होते आणि पुढे जोसेफ इझीकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाची ही परंपरा ज्या भाषेत आहे, तिच्यात ज्यू ग्रंथांविषयी ऐकीव माहितीवर लिहिले जाऊ नये. लेखकांकडून संदर्भ मागून घ्यावा. कंसातल्या चार-दोन अक्षरांपुरती जागा आपण द्याल, अशी आशा आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे