गुड फ्रायडेच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ नकोत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उत्तम शुक्रवार, म्हणजेच गुड फ्रायडे, पंधरा दिवसांवर आला आहे, म्हणून हे पत्र आधीच टाकतो आहे. नंतर लिहिलं की ती तक्रार होते.

गेल्या वर्षी त्या दिवशी आपल्या अंकात अर्धं पान जाहिरात होती. हात जोडलेले पुढारी, मागे क्रूस, क्रुसाभोवती गुलाब आणि खाली ठळक अक्षरांत ‘समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी : ‘तालुक्यात गुड फ्रायडे उत्साहात साजरा’. राग कुणालाच आला नाही. आमची सून जाहिरात वाचून एवढंच म्हणाली, “पप्पा, दहाव्याला कुणी हार्दिक शुभेच्छा देतं का हो?” आणि आम्ही सगळे हसलो. पण नंतर मनात आलं, चूक सांगायला आपणही कधी गेलो नाही.

येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळलं, तो हा दिवस. घोटाळा केला तो ‘गुड’ या शब्दानं. जुन्या इंग्रजीत त्याला ‘पवित्र’ असा अर्थ होता. आमचे वाडवडील ‘उत्तम शुक्रवार’ म्हणायचे, काही ठिकाणी ‘शुभ शुक्रवार’ म्हणतात. आता शुभ म्हटलं की शुभेच्छा पाठोपाठ येणारच, हेही खरं! तारीख दरवर्षी बदलते कारण हिशेब पौर्णिमेचा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. त्याच्या दोन दिवस आधी हा शुक्रवार. शुभेच्छा द्यायच्या तर त्या रविवारी द्या, पानभर द्या. त्या दिवशी पहाटे चारलाच आमची पोरं गाणी म्हणत गावातून फेरी काढतात आणि अख्ख्या गल्लीची झोप मोडतात. उत्साह म्हणतात तो तिथं असतो.

शुक्रवारचं वेगळं. सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला, असं बायबलातल्या शुभवर्तमानात आहे. आपल्या घड्याळात दुपारी बारा ते तीन. म्हणून आमची उपासनाही तेवढाच वेळ चालते. वेदीवर फूल नाही, घंटा नाही. बायका पांढऱ्या लुगड्यात येतात, बहुतेकांचा उपास असतो. पेटी असते, पण त्या दिवशी तबला कपाटातून काढत नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं गाणं असलं की म्हातारी माणसं पुस्तक न उघडताच म्हणतात. टिळक काही वर्षं आमच्या जिल्ह्यातच राहिले, राहुरीला आणि नगरला. त्यामुळे ते इथं कुणाला परके वाटत नाहीत.

या तीन तासांचा गाभा म्हणजे येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, पाच गावं आहेत, तेवढ्या वेळात ते सगळीकडे कुठून पुरणार? म्हणून मंडळीतलीच सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात. यादी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाचली जाते. पदवीधर पाहिजे, असं काही नाही. ट्रॅक्टर चालवणारा असतो, नर्सबाई असतात, मी निवृत्त एसटी कंडक्टर.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला पहिलाच उद्गार आला. “हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.” पाळकसाहेबांनी तो मुद्दाम दिला, याबद्दल मला आजही शंका नाही. कारण चुलतभावाशी माझा बांधावरून तहसीलमध्ये दावा चालू होता. वीतभर जमीन. त्या पायी आम्ही दोघं सहा वर्षं एकाच देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) दोन टोकांना बसत होतो. आठवडाभर मी वह्या भरल्या, चांगलं भाषण तयार केलं. उभा राहिलो तर हा तिसऱ्या रांगेत, नेमका समोर. कागदावर लिहिलं होतं की क्षमा करणं हे थोर काम आहे. ते वाचवेना. शेवटी म्हणालो, “मला एका माणसाला क्षमा करायला जमलेलं नाही, आणि मी काय करतो हे मला चांगलं समजतं. माझ्यासाठी प्रार्थना करा.” आणि खाली बसलो. पंधरा मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं म्हणून पेटीवाल्याची धांदल उडाली.

दावा मिटला का, असं लोक विचारतात. नाही मिटला. पुढची तारीख पडली आहे. पण तहसीलला आता एकाच मोटारसायकलवर जातो आणि बाहेर भेटलो की ‘सलाम’ म्हणतो. आमच्याकडे एकमेकांना सलाम म्हणायची जुनी रीत आहे.

गेल्या वर्षी पाचवा उद्गार सत्तरीच्या एका बाईंकडे होता. “मला तहान लागली आहे.” बाई शिकलेल्या नाहीत, वचन नातीनं वाचून दाखवलं. बाहेर एप्रिलचं ऊन, टँकर दोन दिवसांनी येणार होता. बाईंनी बहात्तरचा दुष्काळ सांगितला. आई खडी फोडायला जायची, पोरं सुकडीच्या रांगेत उभी असायची. मग सासूचं सांगितलं. सासू विहिरीपाशी घागर घेऊन लांब बसून राहायची, येणारी-जाणारी एखादी दया येऊन वरून पाणी ओतेल तेव्हा घरी जायची. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्यानंतरही आमच्याकडची ती विहीर बरीच वर्षं तशीच होती. आमच्या जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती घरं महार-मांग वस्त्यांतून आलेली आहेत, हे मी मुद्दाम लिहितो. नाताळचा केक आणि लाल टोपीवाला म्हातारा छापणाऱ्यांच्या ते सहसा ध्यानात येत नाही. बाईंचं शेवटचं वाक्य असं : “त्याने पाणी मागितलं आन् लोकांनी आंब (आंबट द्राक्षारस) दिली. मागणाऱ्याला पाणीच द्यावं, बाबांनो.” आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यानंतर गाणं सुरू व्हायला वेळ लागला.

आता सांगा, हे ‘उत्साहात साजरं’ झालं असं कसं छापायचं?

शब्दांवरून इतकी खळखळ का, असं आपल्याला वाटेल. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ साली पडलं, आणि १८४२ साली इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. पुढे टिळकांनीही ते सांभाळलं. म्हणजे आमच्या पणज्या-आज्यांनी मराठी छापील मजकूर वाचायला सुरुवात केली त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. छापील शब्द चुकला की आम्हाला खटकतो, इतकंच.

मागणी फार नाही. बातमीत ‘साजरा’ऐवजी ‘पाळला’ लिहा. जाहिरात विभागाला एकदा सांगून ठेवा की त्या दिवशीचा मजकूर आला तर ‘शुभेच्छा’च्या जागी ‘विनम्र अभिवादन’ घालू का, असं गिऱ्हाईकाला विचारावं. पैसे तेवढेच मिळतील. ‘सलग सुट्ट्यांमुळे पर्यटनस्थळी गर्दी’ ही बातमी खुशाल छापा, आमचीही मुलं पुण्याहून त्याच सुट्टीत घरी येतात.

आणि यंदा बातमीदार पाठवणार असाल तर कॅमेरा नसला तरी चालेल. त्याला पावणेबाराला यायला सांगा. देवळात पंखे दोनच आहेत, त्यांच्याखालच्या जागा लवकर भरतात. यंदाची यादी अजून वाचलेली नाही. पाचवा उद्गार पुन्हा त्याच बाईंना द्यावा, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, बघू.

आपला,
एक जुना वाचक
नेवासे तालुका, जि. अहिल्यानगर