मार्चचा निकाल कुठे पाठवायचा, कुठे नाही: एक आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मुलीचा प्रवेश निश्चित झाल्यावर मी फोनवर आभार मानू लागलो, तेव्हा "अहो, त्यात काय एवढे" असे म्हणून आपण विषय बदललात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. पुण्यात बसून अमेरिकेतील महाविद्यालयांचे अर्ज भरणाऱ्या इतर पालकांच्याही ते उपयोगी पडावे, हा हेतू आहेच.

गेल्या ऑक्टोबरअखेर एसएटीचे, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचे, तीन निकाल आमच्यासमोर होते. मार्चमध्ये 1380, ऑगस्टमध्ये वाचन-लेखनात 690 आणि गणितात 720, म्हणजे 1410, ऑक्टोबरमध्ये गणित 780 पर्यंत चढले, पण वाचन-लेखन 650 वर घसरल्याने बेरीज 1430 वरच थांबली. तिन्ही निकाल सगळीकडे पाठवून मोकळे व्हावे, असे माझे मत होते, कारण एखादा निकाल मागे ठेवणे मला लपवाछपवी वाटत होती. आमच्या पिढीची गुणपत्रिका एकच असे आणि ती प्रत्येक खिडकीवर तशीच दाखवावी लागे. त्यावर आपण शांतपणे विचारलेत, की जेईई मेनच्या जानेवारी आणि एप्रिल सत्रांपैकी चांगला स्कोअरच क्रमवारीला धरतात, तेव्हा त्या मुलांना आपण अप्रामाणिक म्हणतो का? माझ्यापाशी उत्तर नव्हते.

एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या 'स्कोअर चॉइस' या सोयीत, म्हणजे कोणता निकाल पाठवायचा ते ठरवण्याच्या मुभेत, निवड परीक्षेच्या तारखेची करता येते, विषयाची नाही, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला उमगले नव्हते. ऑगस्टचे केवळ वाचन-लेखन उचलून धाडता येत नाही. मात्र 'सुपरस्कोअर' करणाऱ्या, म्हणजे प्रत्येक विषयाचे सर्वांत चांगले गुण एकत्र धरणाऱ्या, महाविद्यालयाला ऑगस्ट आणि ऑक्टोबर असे दोन्ही निकाल पाठवले, की ते स्वतःच 690 आणि 780 जोडून 1470 धरते. मार्चचा निकाल तिथे पाठवण्याचे कारणच उरले नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाचा नियम मात्र दिलेल्या सर्व परीक्षांचे निकाल मागणारा, म्हणून तिथे मार्चसकट तिन्ही गेले. "नियम वाचायचा आणि तो पाळायचा, प्रामाणिकपणा तेवढाच," हे आपले वाक्य मुलीने वहीत लिहून ठेवले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना हे गुण पाहतच नाही, तेव्हा तो प्रश्न एका मिनिटात मिटला.

खरा घोळ परीक्षा ऐच्छिक ठेवणाऱ्या महाविद्यालयांचा होता. त्यांपैकी एकाच्या 'कॉमन डेटा सेट'मध्ये, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत, निकाल पाठवून प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण 1490 पासून सुरू होत होते आणि ते पाहून मुलगी अर्जच रद्द करायला निघाली होती. जिथे कमी गुणवाले निकाल पाठवतच नाहीत, तिथे हे आकडे आपोआप वर सरकतात, ही गोष्ट आपण तिला जवळजवळ तासभर समजावून सांगितलीत, तीही आपल्याकडे न्यू जर्सीत पहाट असताना. तिथे निकाल न पाठवता अर्ज गेला. ज्या महाविद्यालयात 1470 हे मधल्या निम्म्यांच्या गुणांच्या पट्ट्याच्या मध्यावर येत होते, तिथे तो पाठवला.

एक कबुली राहिली. परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत चार ठिकाणी निकाल विनामूल्य पाठवता येतो, हे कळताच 'फुकट ते पौष्टिक' या न्यायाने मी ऑक्टोबरच्या परीक्षेनंतर लगेच चार नावे भरायला बसलो होतो. गुण दिसण्याआधीच ते पाठवण्याचा हा सौदा आहे, हे आपण लक्षात आणून दिलेत आणि पुढे लागणारे शुल्क मी निमूटपणे भरले. अनेक महाविद्यालयांना अर्जात स्वतः नोंदवलेले गुण चालतात आणि अधिकृत निकाल प्रवेशानंतर लागतो, हेही आपणच तपासायला लावलेत. त्यामुळे तो खर्चही फारसा झाला नाही.

आपण सांगून लिहून घेतलेला तो तक्ता, म्हणजे महाविद्यालय, त्याचा नियम आणि पाठवायच्या तारखा, अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. शेजारच्या अकरावीतील मुलाने त्याची प्रत मागितली आहे. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून मधला रकाना कोरा ठेवून ती त्याला द्यावी असे मनात आहे. आपली हरकत नसावी.

आपला ऋणी,
एक पालक, पुणे